बुडवलेल्या होड्या, जपून ठेवलेलं यीस्ट

रॅनवर्थ हे इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यातलं छोटंसं गाव. गावाच्या धक्क्याला लागलेल्या तळ्याचं नाव माल्टहाउस ब्रॉड. धक्क्यासमोर पब आहे, त्याचं नाव माल्टस्टर्स. शेजारीच मोठा रॅनवर्थ ब्रॉड आहे आणि त्याच्या काठच्या चिखलात जुन्या मालवाहू होड्यांचे सांगाडे रुतलेले आहेत. या होड्या वादळात बुडाल्या नाहीत. काम संपल्यावर, काठ ढासळू नये म्हणून त्या मुद्दाम तिथे बुडवल्या. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत सुकवलेली बार्ली. बिअरचा कच्चा माल तोच. बार्ली, होडी आणि पब ही तिन्ही नावं या एका धक्क्यावर शेजारी यावीत हा योगायोग नव्हे. या मुलखात तो शे-दोनशे वर्षं एकच धंदा होता. पुढे तो मोडला, पण तिन्ही अंगांनी एकाच वेळी नाही, आणि मोडणारे हातही वेगवेगळे होते.

या भागाला ब्रॉड्स म्हणतात. ब्युअर, येअर, वेव्हनी, थर्न, अँट अशा संथ नद्या आणि त्यांना जोडलेली साठेक उथळ तळी मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास जलमार्ग होतो. त्यावर एकही जलपाश नाही, म्हणजे बोट वर-खाली चढवणारी दारं कुठेच नाहीत. ही तळी निसर्गानं घडवली असंच सगळे धरून चालले होते. 1950च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळ्यांच्या कडेनं ठिकठिकाणी भोकं पाडून खालच्या मातीचे नमुने काढले. तळ्यांच्या बाजू सरळ उभ्या आणि तळ सपाट निघाला. नैसर्गिक तळं असं नसतं; खणलेला खड्डा असा असतो. मध्ययुगात इथल्या लोकांनी चुलीत जाळायला पीट, म्हणजे दलदलीतली कुजलेली वनस्पतीयुक्त माती, शतकानुशतकं खणून काढली. मग समुद्राची पातळी वाढली, खड्डे पाण्यानं भरले आणि चौदाव्या शतकापर्यंत खणणं बंद पडत गेलं. म्हणजे ज्याला लोक रानवट निसर्ग समजून पाहायला येतात, ती मुळात एक बुडालेली खाण आहे. मला हा शोध विसाव्या शतकातल्या भूगोलातल्या सर्वांत मजेशीर शोधांपैकी एक वाटतो.

रस्ते वाईट, दलदल जास्त, त्यामुळे माल पाण्यावरूनच जायचा. त्यासाठी इथं व्हेरी नावाची खास होडी घडली. ओकच्या फळ्यांची, खालच्या फळीच्या कडेवर वरची फळी चढवून ठोकलेली, तळ उथळ आणि पोट रुंद. तिला शीड एकच, पण प्रचंड. डांबर आणि माशाच्या तेलाचं मिश्रण फासल्यामुळे ते काळं पडलेलं असे. डोलकाठी पुढच्या टोकाशी, म्हणजे मधला सगळा भाग मालाला मोकळा. वीस-पंचवीसपासून चाळीस टनांपर्यंत माल घेऊन जाणारी ही होडी दोन माणसं चालवत, एक तांडेल आणि एक गडी. कित्येकदा तो गडी म्हणजे तांडेलाची बायको किंवा पोरगाच असे.

दोघांना हे जमायचं ते डोलकाठीच्या बुडाशी बसवलेल्या शिशाच्या वजनामुळे. एक-दीड टनाचं ते वजन डोलकाठीला असं तोलून धरायचं की एक माणूस ती आडवी पाडू शके आणि पुन्हा उभीही करू शके. नदीवर बसके दगडी पूल. पूल जवळ आला की तांडेल वेग न मोडता शीड उतरवायचा, डोलकाठी आडवी करायचा, आधीच्या वेगावर होडी कमानीखालून सरकायची आणि पलीकडे निघताच डोलकाठी परत वर. यात चूक झाली तर डोलकाठी पुलावर आपटणार, म्हणून ज्याला हे सफाईनं जमे त्याची ख्याती पबापबांतून पसरे. वारा अगदीच पडला तर लांब काठी नदीच्या तळाला टेकवून, तिचं टोक खांद्याला लावून, होडीच्या काठावरून चालत जाऊन तिला पुढे रेटायचं. हे काम मात्र ख्याती देणारं नव्हतं, फक्त खांदे सोलणारं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशा तीनेकशे व्हेरी या नद्यांवर होत्या. ग्रेट यारमथ बंदरातून कोळसा आणि लाकूड आत यायचं. आतून धान्य, माल्ट, छपरांसाठी बोरू बाहेर जायचा. कडक थंडीत तळी गोठली की बर्फ फोडून तोसुद्धा यारमथच्या मासळीवाल्यांकडे जायचा. पण मुख्य माल बार्लीचा. नॉरफोकची जमीन हलकी, हवा कोरडी. सलगम, बार्ली, क्लोव्हर आणि गहू अशी चार वर्षांची पीकफेर इथल्या जमीनदारांनी रुजवली आणि ती पुढे ‘नॉरफोक पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली. बिअरला लागते तशी बार्ली या जमिनीत उत्तम येते. काठावरच्या गावांत माल्टची घरं उभी राहिली. तिथं बार्ली भिजवायची, फरसबंद जमिनीवर पसरायची, मोड येईपर्यंत लाकडी फावड्यांनी उलटत राहायची आणि मोड पुरते वाढायच्या आत भट्टीवर सुकवायची. आठवड्याच्या आसपासचं काम. मग पोती व्हेरीत. कोल्टिशल गावात तर माल्टघरं आणि व्हेरी बांधणारं गोदीघर दोन्ही होतं. शेवटची मालवाहू व्हेरी ‘एला’ 1912 साली तिथल्याच अ‍ॅलन यांच्या गोदीतून पाण्यात उतरली.

पब कुठे असावेत हे इथं वाऱ्यानं आणि भरती-ओहोटीनं ठरवलं. जिथं होडीला थांबणं भाग पडे तिथं पब: पुलापाशी, तरीच्या घाटावर, मालाच्या धक्क्यावर, किंवा भरतीची वाट पाहावी लागे अशा वळणावर. बर्नी आर्म्स हे याचं टोकाचं उदाहरण. येअर आणि वेव्हनी जिथं ब्रेडन वॉटर या खाडीला मिळतात तिथं ओसाड माळावर एक उंच पवनचक्की, एक रेल्वे थांबा आणि एक पब. रस्ता नाही. 1844 साली बर्नी घराण्यातल्या मालकानं रेल्वेला जमीन विकताना तिथं थांबा ठेवायची अट घातली, म्हणून आजही हात दाखवला तर गाडी थांबते. पब मात्र बंद पडलाय. होड्या थांबेनाशा झाल्या की पब चालवायला नुसती आगगाडी पुरत नाही, एवढं त्यावरून दिसतं.

या पबांतून ऐकलेल्या गोष्टी आजही काठच्या गावांत फिरतात. पवनचक्क्यांची पाती ठरावीक कोनात थांबवून ‘अबकारी शिपाई आलेत’ असा इशारा एका चक्कीवरून दुसरीला जाई आणि व्हेरीवाला चोरट्या दारूचे पिंप लपवून ठेवी, ही त्यातली सगळ्यांची लाडकी. किती खरी, किती रंगवलेली, हे विचारायला पबात जाऊ नये. पण त्या काळचं दृश्य पाहायचं असेल तर पी. एच. इमर्सन यांचे फोटो आहेत. 1886 साली त्यांनी चित्रकार टी. एफ. गुडॉल यांच्यासोबत ब्रॉड्सच्या जीवनावर फोटोंचं पुस्तक काढलं. बोरू कापणारे, जाळी टाकणारे आणि होडीवाले त्यात आपापल्या कामात आहेत. स्टुडिओतल्या पडद्यापुढे आणून त्यांना उभं केलेलं नाही.

इमर्सन फोटो काढत होते तेव्हाच मुळावर घाव बसला होता. 1874 साली रेल्वे ब्रॉड्समधल्या रॉक्सम गावाला पोचली. कोळसा आणि बार्ली गाडीनं जाऊ लागली. व्हेरीच्या मालकांनी मग जे केलं ते केरळच्या घरबोटीतून फिरलेल्या वाचकाला लगेच कळेल: तिथं तांदूळ वाहणाऱ्या केट्टुवळ्ळमचं जे शंभर वर्षांनी झालं तेच इथं आधी झालं. उन्हाळ्यात माल वाहायची जागा घासूनपुसून काढायची, आत खाटा, गालिचे, एखादा पियानोसुद्धा ठेवायचा आणि लंडनहून आलेल्या कुटुंबाला होडी तांडेलासकट आठवड्यानं भाड्यानं द्यायची. नॉर्थ वॉल्शमचे प्रेस बंधू मूळचे गिरणीवाले. त्यांनी हा धंदा जोरात केला. त्याच सुमारास जॉन लॉइन्स या सुतारानं रॉक्सममध्ये लहान शिडाच्या होड्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. जी. क्रिस्टोफर डेव्हिस यांचं 1882 सालचं प्रवासपुस्तक हातात घेऊन लोक येऊ लागले. रेल्वेनं माल नेला आणि त्याच रेल्वेनं प्रवासी आणून सोडले.

या नव्या काळातली सर्वांत देखणी होडी म्हणजे ‘हाथोर’. मोहरीच्या डब्यांवरून आपल्याकडेही ओळखीच्या असलेल्या कोलमन घराण्यातल्या एथेल आणि हेलन या बहिणींनी ती 1905 साली रीडमच्या हॉल यांच्या गोदीत बांधून घेतली. त्यांचा भाऊ अ‍ॅलन आजारपणात हवापालट म्हणून इजिप्तला गेला होता आणि 1897 साली तिथंच वारला. नाईल नदीवर तो ज्या होडीतून फिरला तिचं नाव हाथोर. म्हणून नॉरफोकच्या या होडीच्या आत लाकडात इजिप्शियन देवता, कमळं आणि चित्रलिपी कोरलेली आहे. बाहेरून पाहाल तर मालवाहू व्हेरीच्याच घराण्यातली होडी, आत शिराल तर नाईल.

बोटगोद्यांचा सुवर्णकाळ पुढे आला, दोन महायुद्धांच्या मधला. त्याच्या आधीच, 1908 साली, हॅरी ब्लेक यांनी वेगवेगळ्या गोद्यांच्या होड्या एकाच यादीतून भाड्यानं द्यायची व्यवस्था बसवली. एवढ्यानंच लहान गोद्यांना थेट लंडन-मँचेस्टरहून गिऱ्हाईक मिळू लागलं. पॉटर हायमला हर्बर्ट वुड्स यांनी इंजिनाच्या बोटींचा ताफा उभारला. लडमला पर्सी हंटर आणि त्यांच्या मुलांनी 1932 पासून उलटं केलं: इंजिन नाही, वीज नाही, फक्त शीड आणि रॉकेलचे दिवे. गोदीतलं वर्ष दोन भागांत मोडायचं. उन्हाळ्यात शनिवारी एक कुटुंब उतरायचं, त्याच दिवशी दुसरं चढायचं. मधल्या काही तासांत चादरी, भांडी, पाणी, रंगाचे ओरखडे सगळं आटपायचं. हिवाळ्यात बोटी उतारावरून ओढून शेडमध्ये घ्यायच्या, शेवाळ खरवडायचं, कुजलेली फळी काढून नवी बसवायची, वॉर्निशचे थर चढवायचे. सुतार, शीडवाले, रंगारी यांना बाराही महिने काम मिळे ते या हिवाळ्यामुळे. प्रवाशांची पावलं जिथं वळतील तिथं दुकानंही वाढली. ‘रॉइज ऑफ रॉक्सम’ हे दुकान स्वतःला जगातलं सर्वांत मोठं खेड्यातलं दुकान म्हणवतं. गंमत अशी की ते रॉक्सममध्ये नाहीच, नदीच्या पलीकडच्या काठावर होव्हटनमध्ये आहे.

आर्थर रॅन्सम यांची ‘कूट क्लब’ ही मुलांसाठीची कादंबरी 1934 साली आली आणि हॉर्निंग गाव जगभर पोचलं. त्यातली तीन पोरं बोट बांधणाऱ्यांची मुलं आहेत, आणि खलनायक कोण तर मोठ्यानं ग्रामोफोन लावून, पक्ष्यांची घरटी लाटांनी हलवत जाणारे भाड्याच्या मोटरबोटीतले शहरी लोक. गोदीचं पोट ज्या गिऱ्हाइकावर चालतं त्याच्याबद्दलचा गावाचा राग इतका नेमका पकडलेलं दुसरं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. पुढे युद्ध आलं. जर्मन जलविमानं तळ्यांवर उतरू नयेत म्हणून बोटी ओळीनं पाण्यात आडव्या नांगरून ठेवल्या. एप्रिल 1941 मध्ये हॉर्निंगच्या फेरी इन या पबवर बॉम्ब पडला, तेव्हा आत माणसं भरलेली होती. बरीच गेली.

इथवर बिअरची गोष्ट होडीच्या मागोमाग चालली. आता ती पुढे होते. नॉरिच शहराबद्दल जुनी म्हण आहे: वर्षाच्या प्रत्येक रविवारसाठी एक चर्च आणि प्रत्येक दिवसासाठी एक पब. या पबांना बिअर पुरवणाऱ्या बुलार्ड, स्टुअर्ड अँड पॅटेसन, मॉर्गन्स या मोठ्या ब्रूअरी शहरातच, वेन्सम नदीच्या आसपास होत्या. बुलार्डची खूण नांगर. ग्रेट यारमथला लेकन्स, खूण ससाणा, स्थापना 1760. पबच्या भिंतीवर कोणती खूण आहे यावरून आत काय मिळेल हे होडीतूनच कळे.

हे कळे, कारण इंग्लंडमध्ये बरेच पब ब्रूअरीच्याच मालकीचे असत. पबवाला हा भाडेकरू. मालकाची बिअर सोडून दुसरी विकायची सोय नाही. म्हणजे ब्रूअरी विकत घेतली की तिचे शेकडो पब आणि त्यांतलं गिऱ्हाईक आपोआप आलं. लंडनच्या वॉटनी मान कंपनीला नॉरिचमध्ये रस होता तो यासाठी. बिअर बनवण्यात नव्हता. 1963 साली तिनं बुलार्ड आणि स्टुअर्ड अँड पॅटेसन दोन्ही घेतल्या. मॉर्गन्सची ब्रूअरी त्याआधीच तिच्या हातात आली होती. दोनएक वर्षांत नॉरफोकमधल्या बहुतेक पबांचा मालक एकच झाला. 1970 पर्यंत बुलार्ड आणि स्टुअर्ड यांच्या भट्ट्या थंड पडल्या, तोट्यातले म्हणून खेड्यापाड्यांतले कितीतरी पब बंद झाले आणि नॉरिचमध्ये उरलेली शेवटची मोठी ब्रूअरी 1985 साली बंद झाली. यारमथच्या लेकन्सचंही तेच, फक्त घेणारी कंपनी व्हिटब्रेड: खरेदी 1965, टाळं 1968.

चव का बदलली हे समजायला बिअर पबात कशी पोचते ते पाहावं लागतं. जुन्या पद्धतीत पिंपात बिअरबरोबर जिवंत यीस्ट जातं. पबच्या तळघरात, साधारण बारा अंश तापमानाला, ते पिंपातच शेवटचं आंबवण्याचं काम करतं. गाळ खाली बसतो आणि मग हातपंपानं बिअर वर ओढतात. उघडलेलं पिंप तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, तळघर नीट राखावं लागतं आणि पबवाल्याला हे सगळं कळावं लागतं. मोठ्या कंपनीला नेमकं हेच नको होतं. तिनं बिअर गाळून, तापवून यीस्ट मारलं, धातूच्या केगमध्ये भरून वायूच्या दाबानं नळातून सोडली. कुठेही, कुणीही, कधीही ओतली तरी एकसारखी. एकसारखी मिळमिळीत, असं गिऱ्हाईक म्हणू लागलं. 1971 साली वॉटनीनं आपली ‘रेड’ बिअर नव्या थाटात आणली. जाहिरातीत माओ, ख्रुश्चेव्ह, कास्त्रो यांच्यासारखे दिसणारे लोक बिअर पिताना दाखवले. त्याच वर्षी चार मित्रांनी पिंपातल्या बिअरच्या बचावासाठी काम्रा ही ग्राहकांची संघटना काढली आणि खरी क्रांती झाली ती तिकडे. कंपनीला क्रांतीचा विनोद जरा महागच पडला.

1981 साली नॉरफोकमध्ये वुडफोर्ड्स ही छोटी ब्रूअरी निघाली. नाव घेतलं जेम्स वुडफोर्ड या अठराव्या शतकातल्या पाद्र्याचं. हा गृहस्थ चाळीसहून अधिक वर्षं रोजनिशी लिहीत होता. जेवणात काय होतं, चोरटी जिन कुणी आणून दिली, घरची बिअर कशी झाली, सगळं त्यात. 1778 साली त्याच्या डुकरांनी पिंपातला बिअरचा गाळ खाल्ला आणि ती झिंगून पडली, याचीही नोंद आहे. ब्रूअरी 1989 साली रॅनवर्थजवळच्या वुडबास्टविक गावात आली. तिच्या मुख्य बिअरचं नाव ‘व्हेरी’. 1996 साली काम्राच्या स्पर्धेत ती ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरली. ज्या होडीतून माल्ट जायचं तिचं नाव आता माल्टच्या पाण्याला.

नुसत्या नावानं भागत नाही हे लोकांनी आधीच ओळखलं होतं. ‘अल्बियन’ ही 1898 सालची व्हेरी डोलकाठी काढून नुसता तराफा बनली होती. 1949 साली नॉरफोक व्हेरी ट्रस्टनं तिला पुन्हा शीड चढवलं. ‘मॉड’ ही 1899 साली रीडमला बांधलेली व्हेरी रॅनवर्थला बुडवलेल्या होड्यांपैकीच. पवनचक्क्या दुरुस्त करणारे व्हिन्सेंट पार्जेटर आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांनी ती 1981 साली चिखलातून वर काढली आणि 1999 साली ती शिडावर चालली. मधली अठरा वर्षं सुतारकामात गेली. हंटर यांची गोदी 1968 साली परगण्याच्या सरकारनं विकत घेतली, पुढे ती एका वेगळ्या ट्रस्टकडे गेली. इंजिन नसलेल्या त्या होड्या आजही भाड्यानं मिळतात. बाकीच्या बहुतेक गोद्यांत 1960-70 नंतर फायबरग्लासच्या बोटी आल्या. फायबरग्लासला हिवाळ्यात सुतार लागत नाही.

बार्लीही अशीच वाचली. केंब्रिजमध्ये तयार झालेली मॅरिस ऑटर ही जात 1960च्या दशकात शेतात आली. उत्पन्न नव्या जातींपेक्षा कमी, म्हणून पुढे अधिकृत यादीतून ती वगळली गेली. पण पिंपातली बिअर करणाऱ्यांना तीच हवी होती. दोन बियाणे-व्यापाऱ्यांनी हक्क विकत घेऊन ती टिकवली. नॉरफोकच्या ग्रेट रायबर्ग गावी आजही जमिनीवर पसरून, फावड्यानं उलटून तिचं माल्ट करतात.

लेकन्सचं नशीब सर्वांत विचित्र. ब्रूअरी पाडली, पब विकले गेले, पण तिचं यीस्ट राष्ट्रीय यीस्ट संग्रहात गोठवून ठेवलेलं होतं. हा संग्रह नॉरिचमध्येच आहे. 2013 साली यारमथला लेकन्स पुन्हा सुरू झाली ती त्याच यीस्टवर, ससाण्याच्याच खुणेखाली. चव तीच आहे का? 1968 साली अठराव्या वर्षी पहिला ग्लास घेतलेला माणूस 2013 साली त्रेसष्टचा होता, आणि निवाडा करायचा अधिकार फक्त त्याच्या वयाच्या किंवा त्याहून थोर मंडळींना होता. ती मंडळी पहिल्याच घोटाला एकमत करतील अशी अपेक्षा नॉरफोकच्या पबात कुणी धरू नये.